मत प्रत्येकाला एकच, मग पैशाची वाटणी का होत नाही?

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली. कमाईतली तफावत, टॅक्स, सरकारी योजना आणि मेहनत केली की माणूस वर येतो का. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, गरीब आणि मध्यमवर्गीय मिळून कुठल्याही देशात बहुसंख्य असतात. प्रत्येकाला एकच मत. मग बहुमतानं श्रीमंतांकडून काढून आपापसांत वाटून का घेत नाहीत? श्रीमंत मूठभर, ते दर निवडणुकीत हरायलाच पाहिजेत ना?

हीच भीती श्रीमंतांना फार आधीपासून होती बरं का. १८४२ साली ब्रिटनमधले कामगार सगळ्या पुरुषांना मताचा हक्क मागत होते, तेव्हा मेकॉले (हो तोच, शिक्षणवाला) पार्लमेंटमध्ये उभं राहून म्हणाला की सगळ्यांना मत दिलं तर मालमत्ता टिकणार नाही आणि मालमत्तेबरोबर सगळी सभ्यताच बुडेल. पुढे मत मिळालं सगळ्यांना. मालमत्ता होती तिथेच आहे.

आधी तुमचं गणित मांडू, कारण गणित तुमच्याच बाजूनं आहे. समजा दहा माणसं आहेत. नऊ जण प्रत्येकी १० नाणी कमावतात आणि दहावा एकटा ११० कमावतो. एकूण २००, सरासरी २०, म्हणजे दहापैकी नऊ जण सरासरीच्या खाली. आता सगळ्यांवर ५० टक्के टॅक्स लावला आणि जमलेली रक्कम सारखी वाटली तर नऊ जणांचे १० चे १५ होतात आणि दहाव्याचे ११० चे ६५. मत घेतलं तर निकाल ९ विरुद्ध १. हाच विचार १९८१ साली मेल्ट्झर आणि रिचर्ड या दोघा अर्थतज्ज्ञांनी नीट मॉडेल करून मांडला, त्यात एक पाचर होती की टॅक्स फार वाढला तर लोक काम कमी करतात म्हणून कमाईत बरोबर मधोमध असलेला मतदार कुठेतरी थांबेल, पण निष्कर्ष असा की विषमता जितकी जास्त तितकी वाटणी जास्त व्हायला हवी.

प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं दिसतं. जिथे आधीच दरी कमी तिथे वाटणी जास्त आणि जिथे खरी गरज तिथे कमी. पीटर लिंडर्ट नावाच्या इतिहासकारानं याला रॉबिन हूडचं कोडं असं नाव दिलं, रॉबिन हूड नेमका हवा तिथे येतच नाही.

का येत नाही, याची कारणं बरीच आहेत पण मला सगळ्यात पटणारं कारण म्हणजे माणसाला आपण नेमके कुठे उभे आहोत हेच माहीत नसतं. अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सला एक सर्व्हे झाला होता, २०१३ साली त्याचा पेपर आला. लोकांना विचारलं की देशात तुमचा नंबर उत्पन्नात कितवा असेल, तर बरेचसे गरीब म्हणाले आम्ही मधले आणि बरेचसे श्रीमंतही म्हणाले आम्ही मधलेच. कारण आपण तुलना करतो ती आपल्यासारख्यांशीच, शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले, आणि ते सगळे आपल्याच आसपासचे असतात. मग काही जणांना त्यांचा खरा नंबर सांगितला. ज्यांना कळलं की अरे आपण समजत होतो त्यापेक्षा गरीब आहोत, त्यांची वाटणीची मागणी वाढली. स्वीडनमध्ये असाच प्रयोग झाला तर तिथे बहुतेक लोक स्वतःला खरं आहे त्यापेक्षा खालचे समजत होते, आणि आपण बरेच वर आहोत असं कळल्यावर त्यांच्यातल्या उजव्या विचारांच्या मंडळींचा वाटणीतला रस अजून कमी झाला. म्हणजे नुसता नंबर कळला तरी मत हलतं.

दुसरं म्हणजे माणूस आजच्या खिशाकडे बघून मत देत नाही, उद्याच्या खिशाकडे बघून देतो. आज मी खाली आहे पण पाच वर्षांनी वर असेन, निदान माझी पोरगी तरी असेल, मग वरच्यांवर टॅक्स कशाला लावू, तो उद्या आम्हालाच भरावा लागायचा. बेनाबू आणि ओक या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की हा विचार वेडेपणाचा नाही, गणितात बसतो. पण अटी कडक आहेत, आज ठरलेलं धोरण बरीच वर्षं टिकलं पाहिजे आणि माणसाला खाली घसरण्याची फार धास्ती नसली पाहिजे. आता सांगा, खऱ्या आयुष्यात कुणाला घसरण्याची धास्ती नसते?

हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं याच्यावर १९७३ साली एक उदाहरण दिलं होतं ते मला फार आवडतं. बोगद्यात दोन लेन आहेत, दोन्ही तुंबल्यात, सगळे हॉर्न वाजवतायत. एवढ्यात शेजारची लेन हलते. तुम्ही अजून जागच्या जागीच आहात तरी तुम्हाला बरं वाटतं, कारण आता आपली पण हलेल. पण शेजारच्या गाड्या सरकतच राहिल्या आणि तुमची तसूभर हलली नाही तर मग डोकं सरकतं, आणि माणसं मधली पट्टी ओलांडून घुसायला बघतात. विषमता वाढत असताना लोक वर्षानुवर्षं शांत का असतात आणि मग एका वर्षात अचानक का भडकतात, हे यातून बरंचसं कळतं.

बाकीची कारणं पटकन सांगते. बऱ्याच श्रीमंत देशांत गरीब माणूस मतदानालाच कमी जातो. पक्ष चालवायला पैसा लागतो आणि तो गरिबांकडून येत नाही. अमेरिकेत गिलेन्स आणि पेज या संशोधकांनी १९८१ ते २००२ मधले १,७७९ धोरणांचे प्रश्न तपासले, तर सामान्य माणसाचं आणि पैसेवाल्यांचं मत वेगळं असेल तिथे सरकारचा निर्णय पैसेवाल्यांच्या बाजूला झुकलेला निघाला (या पेपरवर वाद झाले, दोघांचं मत बहुतेक वेळा एकच असतं असं टीकाकार म्हणाले, ते पण खरंय). आणि एक नाजूक कारण, वाटणीचे पैसे "आपल्या" माणसांना जात नाहीत, "त्या" लोकांना जातात असं वाटलं की बहुमत फुटतं. वंश, धर्म, भाषा, बाहेरून आलेले, काहीही चालतं. नऊ जणांचे पाच आणि चार झाले की दहावा आरामात झोपतो.

प्रश्न : पेपरात येतं की अमुक देशाचा जिनी ०.४० आहे. म्हणजे काय ते एकदा कळेल अशा भाषेत सांगा.

शून्य म्हणजे सगळ्यांची कमाई सारखी, एक म्हणजे सगळी कमाई एकाच्याच हातात. एवढं सगळेच सांगतात आणि त्यातून काहीच कळत नाही. असं बघा, त्या देशातली कुठलीही दोन माणसं डोळे मिटून उचला आणि त्यांच्या कमाईतला फरक काढा. हे पुन्हा पुन्हा करा आणि त्या फरकांची सरासरी काढा. जिनी म्हणजे या सरासरी फरकाचं देशाच्या सरासरी कमाईशी जे प्रमाण येईल त्याचं निम्मं. म्हणजे सरासरी कमाई १०० असेल आणि जिनी ०.४० असेल तर कुठल्याही दोघांत साधारण ८० चा फरक निघतो. शंभराच्या सरासरीत ऐंशीचा फरक!

लॉरेन्झ नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९०५ मध्ये ही वाटणी दाखवणारा वक्र काढला, इटलीच्या कोराडो जिनीनं १९१२ मध्ये त्याला आकडा दिला. आकड्याची गंमत आणि खोट एकच, तो एकच आहे. दरी वरच्या टोकाला आहे की तळाला, ते तो सांगत नाही. आणि विचारताना नेहमी विचारा, कमाईचा की संपत्तीचा? टॅक्सच्या आधीचा की नंतरचा? स्वीडनमध्ये कमाईतली दरी कमी आहे पण संपत्तीतली बऱ्यापैकी मोठी आहे. जगाचं धरलं तर २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात वरच्या १० टक्के लोकांकडे कमाईतला ५२ टक्के वाटा होता आणि संपत्तीतला ७६ टक्के. खालच्या अर्ध्या जगाकडे कमाईतला साडेआठ टक्के, संपत्तीतला २ टक्के. संपत्तीचे आकडे नेहमीच जास्त भयंकर असतात.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आमच्याकडे वाद झाला. मी म्हणालो दरी असू दे ना, शिडी सगळ्यांना चढता आली म्हणजे झालं. ताई, बरोबर आहे ना मी?

अर्धा बरोबर आहेस. शिडी आणि दरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून चाललास, गाडं तिथे अडतं. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर म्हणजेच दरी. अंतर वाढलं की चढायला लांब तंगड्या लागतात, आणि लांब तंगड्या कुणाच्या असतात ते तुला माहितेय.

हे मोजलंय. आईबापाच्या कमाईतला फरक मुलांच्या कमाईत किती उतरतो याचा एक आकडा असतो. तो ०.५ असेल तर ज्याचा बाप सरासरीपेक्षा १० टक्के जास्त कमावतो तो मुलगा साधारण ५ टक्के जास्त कमावणार. डेन्मार्कमध्ये हा आकडा ०.१५ च्या आसपास येतो, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अर्ध्याच्या जवळपास. माइल्स कोराक या अर्थतज्ज्ञानं देशोदेशीचे हे आकडे जमवले आणि एका बाजूला विषमता, दुसऱ्या बाजूला हा आकडा असं मांडलं तर टिंबं तिरकी चढत गेली. जिथे दरी जास्त तिथे बापाची कमाई मुलाला जास्त चिकटते. २०१२ च्या जानेवारीत ओबामांचे आर्थिक सल्लागार अ‍ॅलन क्रूगर यांनी ते भाषणात दाखवलं, तेव्हापासून एका जुन्या अमेरिकन कादंबरीतल्या श्रीमंत नायकाच्या, गॅट्सबीच्या, नावानं तो आलेख ओळखतात. अमेरिकन स्वप्न डेन्मार्कमध्ये जाऊन बघा असा विनोदही यावर करतात.

आता तू म्हणशील टिंबांवरून कारण सिद्ध होत नाही. बरोबर, नाही होत. पण वाटा दिसतात ना. ट्यूशन, चांगल्या वस्तीतलं घर, ओळखी, बिनपगारी इंटर्नशिप करायची ऐपत, पहिला धंदा बुडाला तर दुसरा सुरू करायची ऐपत. वरची पायरी जितकी घसघशीत तितका आईबाप त्यासाठी जास्त पैसा ओततात, आणि ओतायला पैसा त्यांच्याकडेच असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि आड मुळातच वेगवेगळे खणलेले.

अजून एक गोष्ट, तू "वर जाणं" म्हणतोस ते नेमकं कुठलं? दोन प्रकार आहेत. एक म्हणजे बापापेक्षा जास्त कमावणं. हे एकाच वेळी सगळ्यांना जमू शकतं, देश वाढला की झालं. दुसरं म्हणजे रांगेतला नंबर वर जाणं. हे सगळ्यांना एकदम जमूच शकत नाही, एक वर गेला की एक खाली आलाच. आणि इथेच राजकारण सुरू होतं कारण "गरिबांची मुलं वर यावीत" याला सगळे टाळ्या वाजवतात पण "श्रीमंतांची काही मुलं खाली यावीत" असं जाहीरनाम्यात लिहिणारा पक्ष मी तरी बघितला नाही.

पहिल्या प्रकाराचं सुद्धा काय झालं बघ. राज चेट्टी हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या टीमनं अमेरिकेचे आकडे काढले. १९४० साली जन्मलेल्यांपैकी साधारण ९० टक्के मुलं तिशीत आल्यावर आईबापापेक्षा जास्त कमावत होती, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जेमतेम ५०. मग त्यांनी विचारलं, देशाची वाढ जुन्या वेगानं झाली असती पण वाटप आजचंच असतं तर? ६२ पर्यंत जातं. आणि वाढ आजचीच, पण वाटप १९४० वाल्यांच्या काळासारखं असतं तर? ८०. म्हणजे तू ज्या दरीला "असू दे ना" म्हणालास तिनंच शिडी खाल्ली. वादात हे सांग, पण आधी तू हरलास हे मान्य कर.

प्रश्न : आम्ही राबायचं, टॅक्स भरायचा आणि सरकारनं तो फुकट्यांना वाटायचा. याला तुम्ही समता म्हणता का? राग येतो म्हणून लिहिलं, छापा किंवा नका छापू.

छापलं. राग समजू शकते, कारण टॅक्स पगारातून कापलेला दिसतो आणि त्याच्या बदल्यात मिळालेलं दिसत नाही. पण दोन-तीन गोष्टी ऐकून घ्या, मग रागवा.

ज्या देशांनी दरी सगळ्यात कमी केली त्यांनी ती फक्त श्रीमंतांना सोलून केलेली नाही. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे तिन्हीकडे खरेदीवरचा सर्वसाधारण टॅक्स २५ टक्के आहे, आणि तो गरीब माणूसही भरतो. जमवतात सगळ्यांकडून आणि देतातही सगळ्यांना, दवाखाना, पाळणाघर, शाळा, पेन्शन, त्यामुळे "ते फुकटे आणि आम्ही भरणारे" अशी रेघच नीट ओढता येत नाही. कोर्पी आणि पाल्मे या स्वीडिश संशोधकांनी १९९८ मध्ये याच्यावर एक उफराटी गोष्ट दाखवली, फक्त गरिबांपुरत्या योजना ठेवणाऱ्या देशांत गरिबांच्या हातात शेवटी कमीच पडतं. कारण मधल्या वर्गाला त्यातून काही मिळत नाही, तो म्हणतो कापा बजेट, आणि योजना दरवर्षी आटत जाते. नंतरच्या अभ्यासांत हा नियम तितका ठाम राहिला नाही हे पण सांगते, पण तुमचं पत्र वाचून मला पहिलं तेच आठवलं. तुमच्यासारखा राग जिथे तयार होतो तिथे योजनाच तशी बेतलेली असते.

फ्रान्स आणि अमेरिका शेजारी ठेवून बघा. टॅक्स आणि सरकारी मदतीच्या आधी दोघांचा जिनी जवळपास सारखाच, ०.५० च्या आसपास. नंतर फ्रान्सचा ०.३० च्या जवळ येतो, अमेरिकेचा ०.३९ च्या जवळ अडकतो. (यात पेन्शनचा हात मोठा आहे, निवृत्त माणसाची बाजारातली कमाई जवळजवळ शून्य धरतात म्हणून आधीचा आकडा फुगतो.) आणि ते पैसे जातात कुणाला, तर बरेचसे त्याच माणसाला पण वेगळ्या वयात. लहानपणी घेतो, चाळिशीत भरतो, म्हातारपणी परत घेतो. चाळिशीतल्या माणसाला फक्त मधला हप्ता दिसतो, तुम्ही चाळिशीत आहात का हो?

आणि हे सगळं कुणा दयाळू माणसानं सुरू केलं असंही नाही. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क समाजवाद्यांचा कट्टर शत्रू, १८७८ ला त्यांच्यावर बंदीचा कायदा आणला, आणि त्यानंच १८८३ ला आजारपणाचा विमा, १८८४ ला अपघाताचा, १८८९ ला म्हातारपणाचा विमा आणला. कामगार तिकडे जाऊ नये म्हणून. थोडक्यात सांगायचं तर वाटणी हा सत्तेचा विम्याचा हप्ता होता.

हां, गळती होते. आर्थर ओकन नावाचा अर्थतज्ज्ञ १९७५ मध्ये म्हणाला होता की वाटणी म्हणजे भोकाच्या बादलीनं पाणी नेणं, काही सांडणारच. पण किती सांडतं हा मोजायचा प्रश्न आहे, भांडायचा नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बरेच देश तपासले तर टोकाची उदाहरणं सोडता वाटणीनं वाढीला फारसा फटका बसलेला दिसला नाही, उलट कमी विषमता असलेल्या देशांची वाढ जास्त काळ टिकलेली दिसली. आता नाणेनिधी काही डाव्यांचा अड्डा नाही.

प्रश्न : जास्त टॅक्स लावला तर श्रीमंत देश सोडून पळतील. खरं की खोटं?

माणसं कमी पळतात, पैसा जास्त पळतो. म्हणून तर श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात १९९० ला १२ देशांत संपत्तीवर वार्षिक टॅक्स होता तो २०१७ ला ४ देशांत उरला. पण तो कर होताच गळका, अर्ध्या गोष्टींना सूट. उलट बाजूला बघा, अमेरिकेत उत्पन्नावरचा सगळ्यात वरचा दर १९४४ ला ९४ टक्के होता, १९५० च्या दशकात बराच काळ ९१, आणि देश ओस पडला नाही (त्या दरानं भरणारे मोजकेच होते, तेही खरं). १९८८ ला तो २८ वर आणला. २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मोठ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के टॅक्स असं ठरवलं, म्हणजे पळायला जागाच ठेवायची नाही. अंमलबजावणी रडतखडत चालू आहे.

प्रश्न : मुलाला काय सांगू? मेहनत कर म्हणजे मिळेल, की नशीब असतं? खोटं सांगायचं नाहीये.

मेहनतीचं सांगा, ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. उरलेलं अर्धं त्याच्या हातात नाही, तुमच्या आणि सरकारच्या हातात आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये पाच शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांसाठी चक्क लॉटरी काढली, ज्यांना लागली त्यांना कमी गरीब वस्तीत घर घ्यायला मदत. म्हणजे दोन्हीकडची माणसं सारखीच, फक्त चिठ्ठीचा फरक. जी मुलं १३ वर्षांच्या आत तिकडे गेली त्यांची विशी-पंचविशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. जी मोठी होऊन गेली त्यांना फायदा झाला नाही, थोडं नुकसानच, दोस्त तुटले, शाळा तुटली. मुलगा लहान असेल तर आत्ताच्या चार-पाच वर्षांत तो कुठे आणि कुणाबरोबर वाढतोय यावर तुमची ताकद लावा. मोठा असेल तर निदान त्याला नापास झाल्यावर "तूच आळशी" एवढं म्हणू नका.

प्रश्न : पैसा तीन पिढ्यांत संपतो म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

तीन पिढ्यांचं म्हणणं श्रीमंतांनीच काढलं असावं असा मला संशय आहे. ओईसीडीनं २०१८ मध्ये अंदाज काढला होता की तळाच्या घरातल्या वंशजांना सरासरी कमाईपर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील. डेन्मार्कमध्ये २, ओईसीडी देशांच्या सरासरीत साडेचार, भारत आणि चीनमध्ये ७, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत ९, कोलंबियात ११. चढायला अकरा पिढ्या लागत असतील तर उतरायला तीन कशा पुरतील?

इटलीत तर दोघा अर्थतज्ज्ञांनी कमालच केली, फ्लॉरेन्सच्या १४२७ सालच्या टॅक्सच्या नोंदीतली आडनावं काढली आणि २०११ च्या करदात्यांशी लावून बघितली. जवळपास सहाशे वर्षांनंतरही, परिणाम छोटा असला तरी, वरच्या आडनावांचा वर राहण्याकडे कल दिसतोच. मधे साथी आल्या, लढाया झाल्या, नेपोलियन येऊन गेला, मुसोलिनी येऊन गेला. आणि ती १४२७ ची नोंद झाली कशी, तर युद्धात खजिना रिकामा झाला होता म्हणून घरटी मालमत्ता ज्यानं त्यानं स्वतःच लिहून द्यायची होती. कमी लिहिणारे तेव्हाही असतीलच म्हणा.